खंड्याचा घसा

३ फेब्रुवारी, मंगळवार

बोलायचं नाही! दहा दिवस. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे अशा सुरात सांगितलं की जणू मी घशात गाठ हौसेने पाळली होती.

म्हणून ही वही आणली. एकतीस वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाने कुठेतरी बोलायला नको?

काल गाठ काढली. टेबलावर आडवा होतो, डोळ्यांवर दिवा. भूल देणारे डॉक्टर सुई घेऊन वाकले आणि म्हणाले, "घाई कोणाला आहे?" — अगदी माझ्या सुरात! शेवटचा शब्द छातीत सोडून. दोन्ही नर्स हसल्या. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं का? छे! सगळेच तसं म्हणतात. बॉम्ब फुटायला चार सेकंद असताना खंड्या म्हणतो, म्हणून बस सुटताना लोक म्हणतात, परीक्षेच्या हॉलबाहेर पोरं म्हणतात. मूळ चित्रपटात ते वाक्य नाहीच. नटाचे ओठ जरा जास्त वेळ हलत होते, तिथे काहीतरी भरायला हवं होतं, ते मी भरलं.

तर खंड्या. परक्या भाषेतला हेर. तेवीस भाग झाले. चार नट झाले. आपल्या भाषेत घसा मात्र एकच — माझा. सातव्या भागाला दुसऱ्या कुणाचा आवाज लावून बघितला, तर लोकांनी खुर्च्या आपटल्या. आठवड्यात मला परत बोलावलं होतं.

आता चोविसावा. नट नवीन, पाचवा. १९ तारखेला जाहिरातीचं वाक्य रेकॉर्ड करायचंय. मी उभा राहिलो तर भाग माझा, नाही राहिलो तर दुसऱ्याचा. डबिंगचं काम बघणाऱ्या मॅडमनी तसं स्पष्ट कळवलंय. बाई वाईट नाही, पण तारीख पुढे जात नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! ही सकाळपासून बोलते आहे. पडद्यांबद्दल, गळक्या नळाबद्दल, माझ्या बहिणीबद्दल. बहिणीच्या बाबतीत मला उत्तर होतं. पाटीवर लिहीपर्यंत ही नळाकडे परतली होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाय मोकळे करायला बाजारात गेलो. गप्प माणसाला किती ऐकू येतं! फळवाला गिऱ्हाइकाला म्हणत होता, "डोळे मिटून घ्या, साहेब, शब्द देतो" — नववा भाग, पूल उडतो तिथलं. पुढे शिंप्याच्या दुकानावर पाटी: 'खंड्या कोट, दोन दिवसांत'. न्हाव्याकडे खंड्या कट, तोही दोन प्रकारचा, दुसऱ्या नटाचा आणि चौथ्या नटाचा. रस्त्यात दोन रिक्षावाले भांडत होते, दोघेही त्याच ठेक्यात, थांबून थांबून. पूर्वी लोक भांडायचे कसे? आठवत नाही.

छाती फुगली, खोटं कशाला बोलू. शहरभर माझाच आवाज फिरतोय आणि मी पपई हातात घेऊन मुका उभा. फळवाल्याला पाटी दाखवली तर त्याला वाटलं मी जन्माचा मुका. दोन पपया जास्त दिल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात पुलांची गणितं करते, दर रविवारी फोन करते. आज तीच बोलली, मी फोनवर टकटक करत होतो. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "बाबा, घाबरलायस का?" दोन टक. ती म्हणाली, "थापाड्या."

ती नववीत असतानाचं मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या भागात खंड्याबरोबर एक शास्त्रज्ञ बाई आहे. बिचारी सगळं कोडं उलगडते आणि हा तिला म्हणतो, "डोकं मी चालवतो, तू फक्त दिसत राहा." थिएटरात शिट्ट्या. तो भाग जुना, पण टीव्हीवर दर सुट्टीत लागायचा. गणिताच्या तासाला माझ्या पोरीने हात वर केला की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं — "तू फक्त दिसत राहा." माझ्या आवाजात. वर्षभर चाललं होतं हे. मला दहावीचा निकाल लागल्यावर सांगितलं. "आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तूही त्याच आवाजात समजूत घातली असतीस."

मी तेव्हा चिडलो होतो. वाक्य लिहिणारा दुसरा, दिग्दर्शक दुसरा, मी फक्त बोललो! हे मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज नकल्या आला. तिशीचा असेल. लग्नाच्या पार्ट्यांत, दुकानांच्या उद्घाटनांना खंड्या करतो. हवापाण्याच्या गप्पा, तब्येतीची चौकशी — ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय दिसली. शेवटी ओकला. मॅडमनी त्याला तयार राहायला सांगितलंय. १९ ला मला नाहीच जमलं तर तो.

कानामागून आली आणि तिखट झाली! पाटीवर लिहिलं होतं 'निघा'. पुसलं, आणि 'बसा' लिहिलं. हिने आधीच चहा टाकला होता.

म्हणाला, "सर, मी पंधराव्या वर्षापासून तुमचाच घसा वापरतोय. घरी आई म्हणते, जरा माणसासारखं बोल." हसला आणि खोकला. कोरडा, दोनदा, मग एकदा. मी पाणी पुढे केलं. तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, बरा आहे की हो मुलगा. उगाच डोळे वटारून बसला होतात." मी पाटी पालथी ठेवली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मौन संपलं. एकटाच गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहज 'आ' म्हणा. दाबू नका. येईल तो येऊ द्या." म्हटलं. आणि मागे वळून पाहिलं, खोलीत दुसरं कोण आहे म्हणून!

पातळ. वरचा. जरासा नाकातला. माझ्यासारख्या सत्तावन्न वर्षांच्या धिप्पाड गड्याच्या तोंडून असा आवाज! मी म्हटलं, "हा माझा नाही." बाई म्हणाल्या, "हाच तुमचा आहे. तो दुसरा तुम्ही खाली दाबून काढत होता, म्हणून तर गाठ आली. घरीसुद्धा तसंच बोलायचात?"

घरीसुद्धा. फळवाल्याशीसुद्धा. झोपेत बोलतो तेही तसंच, असं ही म्हणते. सव्विसाव्या वर्षी पहिल्या दिग्दर्शकाने सांगितलं होतं, "आवाज स्वच्छ आहे, पण पोरगेलासा आहे. खाली दाब." दाबला. चित्रपट तुफान चालला. दुकानात, लग्नात, जिथे तिथे लोक म्हणायचे, बोलून दाखव. दाखवत राहिलो. मग तो परत वर उचलायचा राहूनच गेला.

आता दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी. आजची उद्याला चालत नाहीत. आणि दाबायचं नाही — एकदाही नाही. "पुन्हा गाठ आली तर काढीन, पण मग कुठलाही आवाज राहील याची हमी देणार नाही."

"ओळखीच्या कुणाशी तरी बोला आता," म्हणाल्या आणि दवाखान्याचा फोन पुढे केला. हिला करायचा धीर झाला नाही. हिने खंड्याशी संसार केलाय, तिला एकदम या पिपाणीशी कुठे गाठ घालून देऊ? मुलीला लावला.

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"बाबा."

मग — "अहो, माझ्या बाबांचा आवाज अख्ख्या देशाला माहितेय. फसवायला दुसरं कुणीतरी शोधा." ठेवला!

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. चार मिनिटं उरली होती, ती तशीच गेली.

घरी आल्यावर पाटीवर लिहिलं: 'मौन आणखी आठवडाभर वाढवलंय.' ही म्हणाली, "असं का?" आणि भाजी चिरत राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

फजिती! मुलीने आज आईला सगळं रंगवून सांगितलं. कुणी भामटा, किरटा आवाज, बाबा म्हणून सांगत होता, आपण त्याला कसं झापलं. फोन स्पीकरवर. मी समोर पाटी धरून पुतळा. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "बाई गं, जपून राहा."

मी आत गेलो आणि उशीत तोंड खुपसून रडलो. रडतानासुद्धा आवाज काढायचा नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमचा निरोप. वाक्य फक्त नऊ सेकंदांचं आहे. नऊ सेकंद! नऊ सेकंदांत कुठे गाठ येते? तेवढं दिलं की भाग माझा, बाकीचं दोन महिन्यांनी सावकाश करू म्हणतात.

जाणार. खंड्याशिवाय मला कोण विचारतं? चेहरा तर शेजाऱ्यांनाही धड ठाऊक नाही.

हिला लिहून दाखवलं. वाचून उठली. शर्टाला इस्त्री केली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुडिओ. आत कानसेन — आमचा रेकॉर्डिंगवाला, पहिल्या भागापासूनचा, सुई पडली तरी कुठल्या खोलीत पडली ते सांगेल असा कान. शेजारी मॅडम. मागच्या बाकावर नकल्या, हातात कागद घेऊन, वर्गाबाहेर उभं केल्यासारखा.

पडद्यावर नवा नट. कोवळा आहे. छतावर उभा, खाली आग, आणि ओठ हलतात. कानावर यंत्र चढवलं. पाय रोवले. हनुवटी खाली — दाबायची जुनी तयारी. देह आपोआप तिथे गेला. घशात बारीकशी कळ आली, अजून एक अक्षरही काढलं नव्हतं.

तेवढ्यात यंत्रातून नकल्याचा खोकला. दोनदा, मग एकदा. कानात कानसेनचा आवाज आला, "दोन वर्षांपूर्वी तू असाच खोकायचास. धूळ आहे म्हणायचास, आठवतं?"

आठवलं. तिशीतला पोर. मी सव्विसाव्या वर्षी दाबायला लागलो, हा पंधराव्या. त्याला कुणी खाली दाब म्हणालंही नव्हतं. नुसतं माझं ऐकून त्याने दाबला. आणि असे किती असतील? लग्नांत, गल्ल्यांत, बाकांवर?

यंत्र काढलं. बाहेर आलो. म्हटलं, "याला आत पाठवा."

माझा आवाज ऐकून मॅडमचा हात घड्याळावरून खाली आला. कानसेनने मान खाली घातली, हसू लपवायला की काय, देव जाणे. लाज वाटली, पण वाटून घेतली. पाच मिनिटांतली साडेचार त्या पोराला दिली. श्वास कुठून घ्यायचा. हनुवटी वर. वाक्य पोटातून ढकल, घशावर बसू नकोस. आणि आधी डॉक्टरीणबाईंकडे जा, हा त्यांचा पत्ता.

"पण सर, मग खंड्यासारखं वाटेल का?"

"पाचवा नट आहे. लोकांनी चार चेहरे गिळले, एक घसाही गिळतील."

त्याने सात वेळा म्हटलं. सहावा टेक चांगला होता. माझ्याइतका नाही! पण त्यात कुठेतरी त्याचा स्वतःचा, हलका, तरणा सूर होता. मॅडम म्हणाल्या, वरच्यांना ऐकवते, नक्की काही सांगत नाही. बाहेर पडताना कानसेनने हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आम्ही दोघंही काही बोललो नाही. माझी मिनिटं संपली होती, त्याला मात्र काही अडचण नव्हती.

घरी येऊन मुलीला चिठ्ठी लिहिली, फोनवर धाडली: 'तो भामटा मीच.' तिचं उत्तर आलं, "बाबा!!" मग बऱ्याच वेळाने, "रविवारी पुन्हा बोल. मला सवय व्हायला वेळ लागेल."

हिला मात्र सांगणं झालं नाही. पाटीसुद्धा हातात घेतली नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ही स्टुलावर चढून पडदे काढत होती, पाठमोरी. मी दारातूनच म्हटलं, "काम गेलं. मीच दिलं त्याला." तोच पातळ आवाज. वाटलं, दचकेल, पडेल. स्टूल धरायला धावलो.

वळलीसुद्धा नाही. "अरे, मग बरं केलंस," म्हणाली. "धर हा पडदा."

अरे! टेलिफोन ऑफिसात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचो, तेव्हा म्हणायची. लग्न आणि पहिला भाग एकाच महिन्यातले. त्या महिन्यापासून अहो. एकतीस वर्षं मला वाटत होतं, लग्न झालं म्हणून.