बांधलेला खटका

३ मार्च
आज पुन्हा खटक्याला तार! काल मीच कापून फेकली होती. इंजिन फाजील पळायला लागलं की हा खटका आपोआप पडतो, तेल तुटतं, इंजिन थांबतं. एवढंच त्याचं काम. तोच बांधून ठेवायचा म्हणजे घोड्याचा लगाम काढून वर चाबूक मारायचा. पण बोलतो कुणाला? बर्फाचा कारखाना जावयाचा. सासऱ्याने इंजिनही सांभाळायचं आणि तोंडही.

४ मार्च
रावसाहेबांना विचारलंच. (जावयाला मी मनात रावसाहेबच म्हणतो. तोंडावर म्हणायची सोय नाही.) म्हणे, "मामा, मी हातसुद्धा लावला नाही." काय तो साळसूद चेहरा! मग तार काय उगवली? वेगाचा स्क्रूही वर चढवलेला. कमाल वेग इंजिनावरच्या पट्टीवर ठोकून लिहिलाय, पण वाचतो कोण? स्क्रू उतरवला, पक्कडीने तार कापली.

६ मार्च
पुन्हा तार. पुन्हा पक्कड.

९ मार्च
लेकीजवळ विषय काढला. ती बर्फ नेणाऱ्या होडीवाल्यांशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "बाबा, सारखं इंजिन बंद पडलं तर बर्फ धरणार कसा? होडीवाले थांबत नाहीत, दुसरीकडे जातात. थोडं जास्त पळालं तर काय बिघडतं?"
काय बिघडतं! माझ्याच इंजिनाशेजारी तेलाच्या डब्यावर बसून वाढलेली पोर ही. पक्कड धरायला, तार पिळायला मी शिकवलं. "टोक आत वळव गं, दुसऱ्याच्या हाताला लागेल" – सांगून सांगून जीभ झिजली माझी. आता नवऱ्याची भाषा बोलते. लग्न झालं की लेक परकी, दुसरं काय!

१२ मार्च
जेवताना रावसाहेब हळूच म्हणाले, "मामा, तुम्ही आता थोडा आराम करा की." वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, "इंजिन उडालं की सगळेच करू आराम." लेक ताटावरून उठून आत गेली. रावसाहेब मान खाली घालून पुढ्यातलं चिवडत बसले. मी मात्र पोटभर जेवलो.

१५ मार्च
आजचं सगळं लिहून ठेवतो.
सकाळी मी कारखान्यात पाऊल टाकतोय तोच कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. ओझं उतरलं आणि इंजिन मोकाट! खटका पडणार कसा – बांधलेला. आवाज चढत चढत किंचाळीवर गेला, पायाखालची जमीन हादरायला लागली. तेलाचा कॉक बंद केला तरी थांबेना. स्वतःचंच वंगण पीत पळत होतं मेलं. मी आपला कॉकच पिळत राहिलो. तेवढ्यात रावसाहेब धावत आले, भिंतीला टेकवलेली फळी उचलली आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर छातीने दाबून धरली. श्वास कोंडला तसं इंजिन गपगार झालं. पण त्याआधीच इंजिनाच्या पंख्याचं पातं निखळून त्यांच्या खांद्यात घुसलं होतं.
मला दया आली नाही. स्ट्रेचरवर घालत होते तेव्हा सगळ्यांदेखत ओरडलो, "तार कुणी बांधली? आता तरी खरं बोल!"
त्यांनी शेजारी उभ्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच, मामा."
कबूल केलं एकदाचं! बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

१६ मार्च
हात वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. लेक त्यांच्या उशाशी बसून आहे. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. करावं तसं भरावं, मी तरी काय करू?

१७ मार्च
खटक्यावरची तार काढली. पक्कड सापडेना, म्हणून बोटांनीच सोडवली. कुठेच टोचली नाही. टोक आत वळवलेलं होतं.