मुक्कामी यष्टीचं कडवं

आये,

तुला जाऊन पंधरा वर्षं होत आली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय, म्हणजे माझी अक्कल अजून तेवढीच आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मलाच तुझ्यापुढं बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अडचणीची वाक्यं मी बेमालूम गाळली असती. तू ते ओळखलंही असतंस. गेल्या आठवड्यात दौंडला तुझी मैत्रीण भेटली, ती मावशी, खुरपणीला ओळीनं बसलात की जिची पात कायम तुझ्या पातीला लागून असायची. तुमचं बोलणं माझ्या एका गाण्यामुळं तुटलं, हे मला ठाऊक होतं. पण ते नेमकं कसं तुटलं आणि त्यात तू काय केलंस, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. ते सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, म्हणजे तुलाच तुझी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. चालवून घे.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. राहूच्या शिवारात कांद्याच्या खुरपणीला तुम्ही दहा-बाराजणी, आणि शेजारच्या उसाला मी दारं धरून. फावडं घेऊन पाण्यामागं फिरायचं आणि उरलेला वेळ बांधावर बसायचं, असलं काम मला मनापासून आवडायचं. लांब कुठल्यातरी लग्नाचा कर्णा वाजत असायचा, नाहीतर मालकाचा रेडिओ. त्या वर्षी जे सिनेमाचं गाणं चालेल त्याची चाल तू घ्यायचीस आणि शब्द तेवढे तणासारखे उपटून फेकायचीस. नायिकेचं काळीज, चांदणं, वारा, सगळं बांधावर, आणि त्या जागी आमचा मालक यायचा:

मालक आमचा लई दयाळू, सावलीला बसतो गं,
घाम आमचा बघून त्याचा टावेल वला व्हतो गं.

मालकाला हे सगळं ऐकू जायचं. तरी तो उठून जायचा नाही, कारण पुढचं कडवं त्याच्या भावावर असणार आणि ते त्याला ऐकायचं असायचं. तुमच्या पातीचा एक कायदा होता. तेव्हा तो मला नुसता दिसत होता, कळला बऱ्याच उशिरा. जिच्यावर कडवं करायचं ती पातीला हजर पाहिजे. तिनं उलटून म्हणायचं, आणि तिचं होईपर्यंत बाकीच्यांनी हात चालू ठेवायचा पण तोंड बंद. आणि ज्यानं डोळ्याला पाणी येईल ते गाण्यात घ्यायचं नाही. मावशीचा नवरा शिक्रापूरला ट्रकवर होता. आठवड्यातून एखाद्या दिवशी दिवस मावळताना यायचा आणि पहाटे निघून जायचा. तिकडं त्यानं दुसरं घर केलंय, हे पातीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मावशीलाही होतं. ते कधी कुणी गायलं नाही. तू गायलीस ते एवढंच:

हिचा नवरा मुक्कामी यष्टी, दिस बुडता येती गं,
भाकर खाती, घोरत पडती, कोंबडं आरवता जाती गं.

आणि मावशीनं खुरप्याची मूठ ढेकळावर आपटून तुला उत्तर दिलं. आबा तेव्हा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर घरी दिसायचे:

हिचा नवरा मेंढरामागं, वर्साकाठी घरला गं,
घरचंच कुत्रं भुकलं त्येला, म्हनं पाव्हना कुठला गं.

तू हसून हसून वाफ्यात बसलीस. कुत्रं खरंच भुंकलं होतं, म्हणून तर आणखी हसलीस. मी बांधावर, वीजबिलाच्या पाठीमागं, दोन्ही कडवी लिहून घेतली. माझं पाणी तोवर दुसऱ्याच्या वाफ्यात गेलं होतं.

पुढं आमची पार्टी निघाली ती त्या बिलावर. भजनी मंडळाची पेटी, एका मित्राची ढोलकी, दुसऱ्याचा बँजो. गणपतीत पहिल्यांदा गायलो तेव्हा लोकांना वाटलं, सिनेमाचं गाणं म्हणतायत बिचारे. पण पहिल्याच ओळीला मालकाचा टॉवेल आला आणि हशा असा पिकला की ढोलकीवाला ठेका विसरला. मग लग्नं, जत्रा, शाळांची गॅदरिंग, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात प्रचाराच्या गाडीवर. शिक्रापूरला कंपन्या आल्या तशी दसऱ्याच्या पूजेची बोलावणी यायला लागली. बिहारची पोरं, ओरिसाची पोरं, एक शब्द कळत नसायचा, शेजाऱ्याला विचारायची, "क्या बोला, क्या बोला," आणि शेजाऱ्यानं सांगायच्या आतच हसायची. असल्याच एका पूजेला मी तुला नेलं होतं. तू पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदर दाताखाली धरून बसलीस. मी गात होतो आणि तुझे ओठ हलत होते, माझ्यापुढं एक ओळ. कार्यक्रम झाल्यावर तिथला सुपरवायझर तुला म्हणाला, "आजी, पोरगं लई हुशार हाय तुमचं. एवढं सगळं स्वतः रचतंय." तू म्हणालीस, "व्हय. ल्हानपनापास्नंच." मी तिथंच उभा होतो. पेटीचा भाता बांधत होतो, एवढं लक्षपूर्वक की जणू तो फाटलाच असता.

कॅसेट निघाली तेव्हा तिच्यावर माझं नाव तीनदा होतं. गीत, संगीत, गायन. तू ती हातात उलटीपालटी करून विचारलंस, "काय काय लिव्हलंय रं?" मी सांगितलं, गाण्यांची नावं आहेत. तू ती देव्हाऱ्याशेजारी ठेवलीस.

आता तळेगावचं. एका किराणा दुकानदाराच्या नव्या घराची वास्तुशांत होती. कार्यक्रम दुपारचा, पंगत उठल्यावर. जिलेबी खाऊन पेंगलेल्या माणसांना हसवणं म्हणजे काय असतं ते मेंढरं हाकणाऱ्यालाच कळेल. टॉवेल पडला, लोडशेडिंगचं पडलं, जीपमधल्या गर्दीचं पडलं. माझ्या कपाळाला घाम आला. मग मी मुक्कामी एसटी काढली. ती मी आजवर नेहमी "एका बाईचा नवरा" म्हणून गायचो, कुणाची ते कधी सांगायचो नाही. त्या दिवशी रंग भरायला म्हणून सांगितलं, की आमच्या राहूची एक मावशी आहे, तिचा नवरा शिक्रापूरला ट्रकवर असतो. मंडपात थोडी चुळबुळ झाली, दोघं-तिघं हसले. तेवढ्यानं मला चेव आला आणि उभ्या-उभ्या माझी मला एक ओळ सुचली:

शिक्रापुरात पाटी बदलून दुसऱ्या फाट्याला जाती गं!

मंडप कोसळायचा राहिला. माणसं मांड्या थोपटत होती. तीन वेळा वन्समोअर घेतला. आये, इतक्या वर्षांत लोक पोट धरून हसले अशी माझी स्वतःची ती पहिली ओळ. येताना जीपमध्ये मी ती गुणगुणत होतो. मावशीची पोर तळेगावातच दिली होती. ती त्याच आळीत राहते हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत राहिलो. ठाऊक होतं. तिच्या लग्नात तर मी वाढायला होतो. माईक हातात असताना डोक्यात आलं नाही, एवढंच. तिच्या सासऱ्याचं अख्खं कुटुंब मंडपात बसलं होतं. चार दिवसांनी पोर पत्र्याची पेटी घेऊन राहूला आली, आणि पुढं चार महिने माहेरीच होती.

ती आली त्या दिवशी तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी जेवायला बसलो तर तू ताट पुढं केलं नाहीस.

"तळेगावात काय म्हनलास?"

"गानं म्हनलो. कॉमेडी हाय आये, लोक हसत्यात."

"मावशी व्हती का तिथं?"

"न्हाई."

"मग तिच्या वतीनं उलटून कोन म्हननार व्हतं? पातीचं पातीवर ठिवायचं असतंय, बाबा. तिथं ती मला जबाब देती. तुझ्या माईकम्होरं ती कुठनं यील?" तू भाकरी उलटलीस. "आन् तिनं तुझ्या बापावर केलेलं का न्हाई म्हनलास कवा? त्येबी लिवून घेतलंयस की. मी बघत व्हते."

तेराशे-चौदाशे कार्यक्रम केले असं मी लोकांना फुगवून सांगतो, पण त्यातल्या एकाही कार्यक्रमात आबांवर कुत्रं भुंकलं नाही. मग तू हळूच विचारलंस, "ती पाटीची वळ कुनाची?" मी म्हणालो, "सुचली." तू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलीस. रागानं नाही, आपलं पोरगं नक्की किती उंच झालंय ते बघावं तशी. मग म्हणालीस, "हात धू. जेव." आणि मी जेवत असताना तू डोक्यावरचा पदर नीट करून मावशीच्या घराकडं गेलीस. भाजी संपायच्या आत परत आलीस. मला वाटलं, माझ्या वतीनं माफी मागून आली असशील. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर मला स्वतःला जावं लागलं असतं.

त्यानंतर मावशी तुझ्या पातीला आली नाही. ती जीपनं दुसऱ्या गावच्या टोळीत जायला लागली, लांब, आणि तिथं हजेरीचे पैसेही कमीच. तू खुरपणीला जातच राहिलीस, पण मी शिवारात आहे असं दिसलं की तुझं तोंड मिटायचं. माझ्याकडं मग माझीच गाणी उरली. कॅन्टीनच्या डाळीवर केलं, मिसकॉलवर केलं, सरपंचाच्या गॉगलवर केलं. लोक हसायचे, नाही असं नाही, पण पाहुण्याचा मान ठेवावा तसं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे आला आणि आमची सुटका झाली. ढोलकीवाल्यानं मंडपाचा धंदा काढला, बँजोवाला वॉचमन झाला, मी शिक्रापूरला कंपनीच्या स्टोअरला लागलो. पार्टी कशी बुडाली म्हणून कुणी विचारलं की मी डीजेचं नाव सांगतो. खरं म्हणजे ती तू गप्प झालीस तेव्हाच बुडाली होती.

दौंडला मी चष्म्याचा नंबर बघायला गेलो होतो. मावशी दवाखान्यात बाकावर बसलेली, एका डोळ्याला पट्टी. मी कंपाउंडरशी बोललो तर आवाजावरून तिनं ओळखलं. जवळ बसवून घेतलं. इकडचं-तिकडचं झालं. पोरीचं बरं चाललंय, नातू इंजिनियर आहे, ती आता दौंडलाच त्याच्याकडं असते. मग ती आपणहून त्या संध्याकाळकडं वळली.

"तुझी आय आली तवा मी म्हनलं, तुझ्या पोराला दारात उभा करती आन् इचारती, माजी अब्रू इकायला तुला कुनी सांगितलं. तर म्हनली कशी, पोराला काय कळतंय? गानं माजंच, आन् पाटीची वळबी माजीच. मीच त्येला शिकीवलं. काय बोलायचं त्ये मला बोल." मावशीनं पदरानं उघडा डोळा पुसला. "गावानं म्हनलं असतं तर सोसलं असतं रं. तिनं म्हनावं? तिला तर सगळं ठावं व्हतं. मग न्हाई बोलले मी. ती गेली तवा मातीलाबी आले न्हाई."

मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होतो. वरची मोठी अक्षरं, मग त्याखालची.

"पर राग किती दिस धरायचा?" ती म्हणाली. "मी माफ केलं बाबा तिला. तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं, म्हून तुला सांगती."

तोंड उघडायला याहून चांगली वेळ मला कोण आणून देणार होतं? शेजारी कुणी नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं, तेही लांबलचक नाही. मी म्हणालो, "व्हय मावशी. आयेचं तेवढं चुकलंच."

हे सगळं खरं तर तिला वाचून दाखवायला पाहिजे, तीही तुझ्यासारखीच अडाणी. दौंड इथून दीड तासाच्या वाटेवर आहे. रविवारी सुट्टी होती. मी गेलो नाही, आणि येत्या रविवारी जाईन असं लिहून तुला आणखी एकदा फसवत नाही. एवढंच कबूल करतो, की ती माफ केलं म्हणाली तेव्हा, तुझ्या नावावर का होईना, मला बरं वाटलं.