सलीमभाईच्या गिटारीतला खर्ज

गुरुवार, दिवेलागणीला

आज सलीमभाईनं मला उस्ताद म्हटलं. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा, मी हिंगोलीत मांडवातले स्पीकर दुरुस्त करणारा. आणि उस्ताद मी!

त्याची गिटार व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची. तारांखाली त्यांचा आवाज धरणारा चुंबकाचा पिकअप आधीच होता. लाकडाचा आवाज धरणारा पिझो पिकअप मी परवा, तारा टेकतात त्या घोडीखाली बसवला. एकेकटा लावला तर दोन्ही झकास. पिझोवर तर पोटावर बोट टेकवलं तरी ‘टक’ ऐकू येतं. पण दोन्ही संगं लावले की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा.

"खर्ज कुठं गेला? न्हाई जमत तर एक काढून टाका," सलीमभाई म्हणाला. काहून काढू? दोन दिवस डोक्यात तेच.

आज दुपारी एकदम मांडव आठवला. दोनातल्या एका स्पीकरची वायर उलटी लागली की दोघं एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. मग इथं दुसरं काय होणार? चुंबकवाल्याच्या दोन वायरी अदलाबदल करून कथलाचा डाग दिला. सलीमभाईनं तारा छेडल्या, पोटावर बोट मारलं. टक! आणि खाली भरदार खर्ज.

"बराबर! उस्ताद हाव तुमी!"

परवा पिझो बसवताना त्या वायरी सुट्या करून उलट्या मीच जोडल्या होत्या. सांगितलं न्हाई. तोंडात सुपारी होती म्हणून, असं लिहिणार होतो. पण इथं तरी खोटं कशाला?

उद्या गिटार न्यायला आला की सांगतो. आधी अजून एकदा उस्ताद म्हणू दे.