साहेबांना घेऊन या

अहो,

वरण-भात फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. मी सकाळच्या बसनं नागपूरला दादाकडे चालले.

काल दिवसभर इलेक्ट्रिक गाडीसाठी अख्खं जबलपूर पालथं घातलं. वीट आला नुसता. बाहेर हिरव्या पाट्या आणि आत एक गाडी नाही. सिव्हिल लाइन्सचा शोरूमवाला म्हणे, भोपाळहून मागवावी लागेल. ग्वारीघाट रोडवाला डिझेलचीच गळ्यात मारून राहिला होता. तिसऱ्याकडे एक उभी होती, तर तिची बॅटरी उतरलेली! तिथला माणूस सोफ्यावरून उठलासुद्धा नाही. "मॅडम, साहब को लेके आइए." म्हटलं, साहेब दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत, लढाईमुळे सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. तर दात काढून म्हणतो, "तो लड़ाई के बाद आ जाइए."

काहून थांबू मी? माझी आई तिकडे गावी मझौलीत पाय मोडून पडली आहे, शेजारच्या दीदी तिला जेवू घालून राहिल्या. तुम्ही न्याल, तुम्ही न्याल म्हणून मी वाट पाहत बसले. लढाई नव्हती तेव्हा तुमचा ओव्हरटाइम होता.

नागपुरात दादानं गाडी पाहून ठेवली आहे. माझ्या नावावर घेते आणि चालवत मीच आणते. तुम्ही फक्त पोर्चमध्ये चार्जिंगसाठी पॉवरचा प्लग लावून घ्या. त्याला सुट्टी लागत नाही.

नाही जमलं तर राहू द्या. आईच्या अंगणात पंपाचा प्लग आहे. गाडी तिथेच उभी राहील, आणि मीही.

हेमलता