चौदा नंबरपुढचा नऊ

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार
आजपासून रोजनिशी. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, फोन तारीख घालून लिहून ठेवतो. मला अक्षर येत नाही. म्हणजे वाचणार कुणी नाही, मीसुद्धा. खोटं बोलायचं कारणच उरलं नाही.
संकल्प: दिवसाला तीनच पेले पाणी. लोणचं बंद. डायलिसिस चुकवायचं नाही. मंगळवार-शुक्रवार सेंटर. शेजारच्या पलंगावर मालनबाई. तिच्या कार्डावर तेरा नंबर, माझ्यावर चौदा.

५ फेब्रुवारी
नात रोशनी स्टॅटिस्टिक्स शिकते. आमच्याच सेंटरच्या पेशंटांवर तिचा प्रोजेक्ट: वर्षभरात कोण दगावेल, शंभरात किती शक्यता. सरांचा जुना प्रोग्राम ‘आर’ भाषेत, हिचा ‘पायथन’मध्ये. दोघांना एकमेकांचं कळत नाही, म्हणून ही मधे पूल बांधते. म्हणाली, आज्जी, आर एकपासून मोजतो, पायथन शून्यापासून.
मी म्हटलं, मला नको शिकवू. फूलबाजारात मी जुड्या ‘लाभ, दोन, तीन’ अशा मोजायची, एकाला शुभ म्हणून लाभ. निफाडचा एक व्यापारी माझी लाभाची जुडी धरायचाच नाही, पुढचीला एक म्हणायचा. रोज एक जुडी फुकट.
हसली. तो फरक सांभाळलाय म्हणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
रोशनी लॅपटॉप उघडा टाकून आंघोळीला गेली. नावं नव्हती, नुसते कार्डाचे नंबर. आकडे मला येतात, त्याशिवाय फुलं विकता येत नाहीत. चौदापुढे नऊ. तेरापुढे एकसष्ट.
रोशनी चिडली. हे अभ्यासापुरतं आहे, डॉक्टरसुद्धा यावर विसंबत नाहीत, आणि दुसऱ्याचं तर बघायचंच नाही. मी बघितलं नाही, दिसलं.
बिचारी मालन. संकल्प: तिला टोमणे बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार
खिडकीजवळचा माझा पलंग मालनला दिला. म्हणाली, काय गं, एवढी माया कुठून आली, का तिथं डास लय आहेत? जाणाऱ्या माणसाशी भांडू नये.
लोणच्याची एक फोड खाल्ली. नऊवाल्याला चालते.

१५ फेब्रुवारी
निफाडहून द्राक्षं आली. डॉक्टरांनी बंद केलीत, पण ती सरसकट सगळ्यांना. नऊला आणि एकसष्टला एकच नियम कसा? एक घड खाल्ला. लहान होता. दुसराही लहानच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सेंटरला गेले नाही. रोशनीला सांगितलं, आज मशीन बंद आहे. हा संकल्प मोडणं नव्हे. खरी गरज आहे त्यांना मशीन मोकळं मिळावं.
पाय चपलेत जात नाहीत. चपलाच आखडल्या असतील.

२० फेब्रुवारी, दुपार
सकाळी श्वास पुरेना. रिक्षानं सेंटर. सिस्टर म्हणाली, आज्जी, अंगात चार किलो पाणी साठलंय. द्राक्षांचं कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

२२ फेब्रुवारी
रोशनी ओट्याशी उभी राहून रडली. पुलावर एका ठिकाणी चुकलं. पायथननं पहिला पेशंट धरलाच नाही, सगळे आकडे एकेक घर वर सरकले. म्हणाली, आज्जी, तुझी लाभाची जुडी मीच सोडली गं.
विचारलं, मग नऊ कुणाचा? पंधरा नंबरचा. आणि एकसष्ट?
ती भांडी घासायला लागली. भांडी घासलेली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मालनला काही सांगितलं नाही. तिनं माझे पाय बघितले, उठली आणि खिडकीचा पलंग मला परत दिला. म्हणाली, घे बाई तुझा तुला, इथं डासच फार.
एकसष्ट गेले तरी शंभरातले एकोणचाळीस उरतात. एकोणचाळीस झेंडूंचा हार होतो. देवाला आखूड पडतो, भिंतीवरच्या फोटोला बरोबर येतो.
हे शेवटचं वाक्य खोडायचंय. खोडायचं चित्र कुठलं, ते रोशनीला विचारलं तर ती वाचेल.