शेवटचं कोण?

२२ एप्रिल, मंगळवार
आजपासून मी डिझायनर. ऑनलाइन कोर्स, आठ आठवडे. ॲप कसं दिसावं, माणसाच्या बोटाला ते कसं सापडावं, याचं शास्त्र. शिकवणाऱ्या इत्झियार बाई तिकडे बिलबाओहून बोलतात. पहिल्याच धड्यात म्हणाल्या, आधी बघायला शिका, काढायला नंतर. बघण्याचा मला दांडगा अनुभव आहे. तारिफाला सर्फिंग शिकवायचो तेव्हा दोन वर्षं नुसता समुद्र बघत होतो.
एनकार्ना मावशीशी करार झाला. सान हुआनच्या सणापर्यंत, म्हणजे चोवीस जूनपर्यंत, मी तिच्या सोफ्यावर. तोवर कोर्स पास. नाहीतर तिच्या मासळीच्या गाळ्यावर एप्रन बांधून कायमचं उभं राहायचं. मी लगेच हो म्हटलं. मावशी म्हणाली, एलादिओ, द्राक्षं तोडायला फ्रान्सला निघालास तेव्हाही असाच लगेच हो म्हणाला होतास, आणि आठव्या दिवशी स्टेशनवरून फोन, मावशी, मी परत येतोय. मी म्हटलं, तो शेतीचा विषय होता.

२४ एप्रिल
वही घेतली. ठिपक्यांची. डिझायनर लोक ठिपक्यांचीच वापरतात. धडा दोन उद्या.

२९ एप्रिल
वहीला पेन शोभत नव्हतं. शोभेलसं पेन शोधायला गेलो तर किनाऱ्यावर पतंगांची स्पर्धा चालू होती. धडा दोन उद्या.

३ मे, शनिवार
धडा दोन. आसपासच्या माणसांची एक खरी अडचण शोधा, उपाय काढा, खऱ्या माणसांवर करून बघा आणि त्याचा व्हिडिओ पाठवा. एवढंच.
अडचण अकरा मिनिटांत सापडली. मावशीचा गाळा. शनिवार सकाळ, वीसेक बायका, आणि रांग नाही! एक खांबाला टेकलेली, दोघी टोमॅटोवाल्याकडे, चौघी समोर कॉफी पीत बसलेल्या. नवी बाई येते आणि हवेत ओरडते, शेवटचं कोण? कुठून तरी आवाज येतो, मी. की झालं. नवी बाई निघाली चुरो खायला. ही काय पद्धत? एकविसावं शतक आहे. हे सगळं मी जन्मापासून बघत आलोय, पण आज डिझायनरच्या नजरेने बघितलं.
उपाय: नंबर देणारं ॲप.

९ मे, शुक्रवार
मुलाखती घेतल्या. प्रश्न: रांगेचा तुम्हाला किती त्रास होतो?
दोन्या आंगुस्तियास, वय एक्याऐंशी, मावशीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. म्हणाल्या, कुठली रांग रे बाळा?
त्यांची मैत्रीण पुरी म्हणाली, मला त्रास फक्त गुडघ्याचा.
तिसरी म्हणाली, तू एनकार्नाचा ना, तो पळून येणारा?
निष्कर्ष (वहीत चौकटीत लिहिला): लोकांना आपली अडचण ठाऊकच नाही. म्हणजे ती फारच खोल आहे.

१२ मे, सोमवार
सकाळी आठ. निरीक्षणासाठी बाजारात हजर. सगळे गाळे बंद. सोमवारी मासळीबाजार बंद असतो, कारण रविवारी होड्या जात नाहीत. हे मला कोणी सांगितलं नाही. जन्म याच गावात गेला म्हणून काय झालं, सांगायला नको?
रिकाम्या बाजाराचं निरीक्षण केलं. गर्दी अजिबात नव्हती.

१५ मे
संशोधनाच्या चौसष्ट पिवळ्या चिठ्ठ्या गच्चीच्या भिंतीवर लावल्या. पुस्तकात लावतात तशा. दुपारी लेवान्ते सुटला आणि पूर्वेचा तो वारा संशोधन घेऊन गेला. खालच्या मजल्यावरच्या बाईने एक चिठ्ठी परत आणून दिली. मी लिहिलं होतं, तुमची खरी गरज काय? तिने खाली लिहिलं होतं, तुझा रेडिओ बंद कर.
ही पहिली प्रतिक्रिया. जपून ठेवली.

२८ मे
आठवडाभर निळा रंग निवडतोय. एकशे बारा निळे झाले. मावशी मागून बघून म्हणाली, हे सगळे एकच आहेत. सामान्य माणसाच्या डोळ्याला तसं वाटतं.

४ जून
ॲप तयार. गाळ्यावर टॅबलेट ठेवायचा. गिऱ्हाइकाने नाव टाकायचं, ईमेल टाकायचा, पासवर्ड बनवायचा (एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह), मग नंबर. मावशी बटण दाबणार, पुढचा नंबर लागणार. तीस सेकंदांत समोर आलं नाही तर नंबर बाद. शिस्त हवी.
मावशी म्हणाली, शनिवारी नको, शनिवारवर माझा आठवडा चालतो. मी म्हटलं, खरी परीक्षा गर्दीतच. ती म्हणाली, परीक्षा तुझी आणि गर्दी माझी? मग म्हणाली, बरं, एक शनिवार. तुझ्या आईला शब्द दिलाय म्हणून.
भावुक झाली होती. डिझाइनचा परिणाम.

७ जून, शनिवार
८.१० – टॅबलेट लावला. व्हिडिओ चालू.
८.२५ – पहिल्या युजर दोन्या आंगुस्तियास. ईमेल विचारला. म्हणाल्या, तो माझ्या सुनेकडे असतो.
८.४० – अजून दोन्या आंगुस्तियास. पासवर्ड म्हणून दिवंगत नवऱ्याचं नाव हवं. चिन्ह नाही म्हणून ॲपने नाकारलं. म्हणाल्या, जिवंतपणी त्यालाही सगळे असेच नाकारायचे.
९.०५ – पुरीचा नंबर लागला. पुरी कॉफी प्यायला. तीस सेकंद. बाद. पुरी आली आणि तोंडाचा पट्टा सुटला. या बाजारात चाळीस वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता म्हणे.
९.२० – मावशीच्या बोटाला पाणी आणि खवले. बटण एकदा दाबलं, नंबर सहावरून एक्केचाळीस. एक्केचाळीस कोणीच नव्हतं. बाकी सगळे बाद.
९.३० – बायका एकमेकींना ढकलताना प्रथमच बघितल्या. त्यांना उभं राहायला जागा कमी पडली, हा बाजाराच्या रचनेतला दोष.
९.४५ – दोन्या आंगुस्तियास समोरच्या मासळीवाल्या चानोच्या गाळ्याकडे वळल्या आणि ओरडल्या, शेवटचं कोण? चानोचा आवाज आला, कोणीच नाही, तुम्हीच पहिल्या. पाठोपाठ सगळ्या गेल्या.
१०.३० – गाळ्यावर मावशी, मी आणि अख्खा टुना. मावशीने टॅबलेट उचलून तारल्यांच्या पेटीखाली सारला, पेटी एका बाजूला कलत होती म्हणून.
ॲप एकदाही बंद पडलं नाही. तांत्रिक यश शंभर टक्के.

८ जून
जेवायला टुना.

९ जून
टुना.

१० जून, मंगळवार
टुना, कांदा घालून. प्रकल्प पाठवला. अहवालात स्पष्ट लिहिलं: उपाय निर्दोष, युजर अपुरे.
मावशी बाजारातून आली. आज सहा गिऱ्हाइकं, म्हणाली. एवढंच म्हणाली. नेहमीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली. मी वहीत काहीतरी काढत राहिलो.

१७ जून
इत्झियार बाईंचं उत्तर आलं. आधी चांगली बातमी: व्हिडिओ त्यांनी तीनदा बघितला! शेवटची दोन मिनिटं, चानोच्या गाळ्यासमोरची, वर्गाला दाखवणार आहेत. लिहितात, ही पद्धत बघा. पासवर्ड नाही, स्क्रीन नाही. प्रत्येकीने फक्त आपल्या पुढचा एक चेहरा लक्षात ठेवायचा. मधे कॉफी प्या, बसा, गुडघे चोळा, नंबर जात नाही. हे कोणी डिझाइन केलं?
व्हिडिओ मी घेतला, तेव्हा एका अर्थाने मीच.
बाकी बातमी: नापास. आणि शुक्रवारच्या वर्गात दोन्या आंगुस्तियास बोलतील का, असं विचारलंय. मी फोन धरायचा.

२० जून, शुक्रवार
मावशीच्या घरी दोन्या आंगुस्तियासना बसवून फोन धरला. पन्नास मिनिटं. हात दुखला. बाईंनी सुरुवात करा म्हटलं तर दोन्या आंगुस्तियास म्हणाल्या, आधी सांगा, शेवटचं कोण बोललं? बाई म्हणाल्या, मी. मग मी तुमच्या मागे, म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. शेवटी माद्रिदच्या एका कंपनीतल्या कोणीतरी विचारलं, आमच्या लोकांना शिकवायला याल का? दोन्या आंगुस्तियास म्हणाल्या, सोमवारी मोकळी असते.
माझी ओळख करून देताना बाई म्हणाल्या, फोन धरल्याबद्दल आभार.
त्यांना सोडायला उतरताना जिन्यात मी दोन्या आंगुस्तियासना विचारलं, एनकार्नाकडे परत याल का? म्हणाल्या, ते यंत्र गेलं का? म्हटलं, तारल्यांखाली आहे. म्हणाल्या, मग बघते.

२४ जून, मंगळवार. सान हुआन.
कालच्या सणाच्या होळ्यांमुळे उठायला उशीर. दहाला बाजारात. मावशीला सांगायचं होतं की पुढचा कोर्स सप्टेंबरात आहे, तोवर मुदत वाढव.
गाळ्यावर बायका होत्या. पूर्वीइतक्या. इकडे तिकडे विखुरलेल्या, खांबाला टेकलेल्या. मी सरळ पुढे गेलो. मावशीने मान वर केली नाही. माकुल साफ करता करता म्हणाली, नंबर लावलास का?
मागे फिरलो. विचारलं, शेवटचं कोण?
दोन्या आंगुस्तियास म्हणाल्या, मी. पण माझ्या मागे पुरी आहे, ती कॉफीला गेलीये. पुरीच्या मागे तिची जाऊ. ती अजून घरून निघायचीये.
तिच्या मागे मी. एक तास दहा मिनिटं. जाऊबाईंचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, पण त्या आल्या तेव्हा पुरीने मला बोटाने दाखवल्या. मधे चुरो खाऊन आलो. नंबर गेला नाही.
माझी वेळ आली. सप्टेंबरचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने खुंटीवरून एप्रन काढला आणि दिला. इस्त्री केलेला होता. माझ्या मापाचा. कधी शिवून घेतला, विचारलं. म्हणाली, बावीस एप्रिलला.
दुपारी दोन. एप्रनचा खिसा फार खाली आहे. हात जातो तिथे नाही. उद्या मावशीला सांगतो.