सहाव्या कॅसेटचा वेग

मी, खाली सही करणारी मृणाल महेंद्र रोकडे, वय बत्तीस, राहणार डोंबिवली पूर्व, ग्रंथालय सहायक, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उद्या सोमवारी ठाण्यात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, साधे ऑपरेशन आहे. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे, असेही तेच म्हणाले. मी गेले किंवा नुसता आवाज गेला, तरी एक गोष्ट सांगायची राहून जाईल. ती राहू नये म्हणून हे मृत्युपत्र. याआधी मी दुसरे केलेले नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि घरातला माझा हिस्सा आई मेघना हिला. आईने माझे कपडे लगेच वाटून टाकू नयेत. बाबांचे वाटले आणि नंतर वर्षभर त्यांचा एक स्वेटर शोधत राहिली.

कलम २. माझे आजोबा भगवान रोकडे यांची पेटी कल्याणच्या आमच्या विहाराला द्यावी. कलम ५ वाचून होईपर्यंत मात्र तिचे सूर कोणाकडूनही जुळवून घेऊ नयेत. ती पुरावा आहे.

कलम ३. आजोबांच्या आठ कॅसेटी. आजोबा भीमगीते गात. पेटीवर माझे बाबा, ढोलकीवर धाकटे काका कुंडलिक. दोन-तीन वर्षांनी एक कॅसेट निघे. ती आली की कल्याणच्या चाळीतल्या खोलीत सगळे बसत आणि गुण देत, दहापैकी. आजोबांचा नियम होता की दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे आधी ऐकायचे. "पहिलं गाणं कोणीही घासूनपुसून ठेवतो. शेवटच्याला कळतं, माणसानं हात आखडलाय का ते," असे ते म्हणत. त्या गाण्यावर गुण ठरत आणि वहीत चढत. बाकीची कॅसेट मग चहाबरोबर. मी शाळेत जाण्याआधी ऐकायला शिकले ती अशी.

या कॅसेटी मी काकांना देत आहे. शेवटच्या ढोलकीवाल्याकडेच त्या असाव्यात.

कलम ४. गुणांची वहीसुद्धा काकांना. वहीत काय आहे ते इथे लिहिणे भाग आहे. पहिल्या पाच कॅसेटींना घरातल्यांनी सहा-सात दिले आहेत. सहावीला, १९९६ साली, आजी रमाबाईने दहा, काकांनी दहा, बाबांनी नऊ. तिच्यात आजोबांचा आवाज कधी नव्हे इतका वर चढला होता आणि काकांची ढोलकी अशी पळत होती की इतर पार्ट्यांचे ढोलकीवाले हात बघायला घरी येत. अजून चौदा एप्रिलला तीच वाजते. स्वतः आजोबा ती ऐकून म्हणाले होते, "मी असा गायलो? त्या दिवशी गळा लागला असेल."

सातवीला काकांचे चार. आठवीला तीन, आणि खाली माझ्या अक्षरात: "४. आवाज म्हातारा झाला." मी दहा वर्षांची होते. आजोबांनी ते वाचले, "पोरीचा कान चांगला आहे," म्हणाले आणि वही मिटली. नववी कॅसेट निघाली नाही. काका त्यांना म्हणाले होते, "बाबा, आता पुरे करा, नाव आहे तोवर." २०११ साली आजोबा गेले.

कलम ५. गेल्या वर्षी मी आठही कॅसेटी संगणकावर उतरवल्या. आजोबा कायम काळी एक या पट्टीत गात, याच पेटीवर. सात कॅसेटींचा सा पेटीशी जुळला. सहावीचा जुळेना. तो पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध येतो. तिथे पेटीला पट्टीच नाही. म्हणजे आजोबा वर गायले नव्हते. कॉप्या काढणाऱ्याचे यंत्र जोरात चालले होते. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आजोबा "जय भीम" म्हणतात, तेही पोरगेलेसे आणि घाईत. आम्ही नेहमीप्रमाणे शेवटचे गाणे आधी ऐकले. "जय भीम" कानावर पडेपर्यंत दहा गुण देऊन झाले होते. घरचा टेप जरा इकडेतिकडे चालतोच, असे सगळ्यांनी धरले असणार.

मी वेग उतरवला. सहावी आता पाचवीसारखी आणि सातवीसारखीच आहे. भरदार, नीट, कुठेही हात न आखडलेली. आजोबा कधी चढलेच नव्हते, म्हणून उतरलेही नव्हते. आठवीच्या शेवटच्या गाण्यातही ते कुठे खाली येत नाहीत. आम्ही त्यांना एका बिघडलेल्या यंत्राशी तोलले आणि गप्प केले. त्यात चार गुण माझे आहेत.

मैत्रीण ऋजुता हिला एवढेच विचारले होते की एखाद्याच्या सगळ्या कॅसेटी सारख्याच चांगल्या असल्या तर?

"मग त्या टाइल्स झाल्या गं. गाणारा एकदा तरी उडी मारतो, एकदा तरी आपटतो."

"आणि जो आठ वेळा न आपटता चालला?"

"त्याला बक्षीस नसतं, पगार असतो."

मी हसले. घरी येऊन रडले. ऋजुतावर माझा राग नाही. उलट तिला काम देते. तिने आठही कॅसेटी इंटरनेटवर ठेवाव्यात, सहावी दोन्ही वेगांत. जुनीवर स्पष्ट लिहावे की ती जोरात आहे, पण ती काढू नये. लोक तिच्यावर एकोणतीस वर्षे नाचले आहेत.

काकांना हे मी सांगितलेले नाही. त्यांचे सगळे नाव त्या ढोलकीवर आहे. गेल्या एप्रिलमध्येसुद्धा म्हणाले, "सहावी बाजूला काढ, मग तुझ्या आजोबांच्या नावानं कोण थांबतंय ते बघ." मी त्यांच्या ताटात भात वाढला. माझ्यामागे त्यांनी हे इथे वाचावे.

कलम ६. वरचे शेवटचे वाक्य मी रद्द करते. ते लिहून तासभर बसले. मेल्यावर सांगायचे म्हणजे उत्तर ऐकायला लागू नये, एवढीच त्यातली सोय. आज दुपारी काकांना खडवलीहून बोलावून घेतले आणि वेग उतरवलेली सहावी लावली. शेवटचे गाणे आधी.

"टेप बिघडलाय तुझा."

"काका, पेटी वाजवून बघा."

त्यांनी पेटीवर काळी एक दाबून धरली. सूर जुळला. त्यांनी बोट बराच वेळ उचलले नाही.

"कोणी सांगितलं होतं तुला हे दुरुस्त करायला?" ते म्हणाले. मग, "माझा हात एवढाच होता तर." मी म्हटले, हात चांगलाच आहे, एक मात्रा कुठे हललेली नाही. ते म्हणाले, "चांगला आहे गं. पळत नाहीये."

आईने चहा आणला. तो त्यांनी घेतला नाही. वही मागितली. सातवीचे पान काढून विचारले, "मी बाबांना पुरे करा म्हणालो, तेव्हा तू होतीस तिथे?"

"होते."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. ढोलकीची दोरी ओढून देत होते तुमच्या."

काका उठून गॅलरीत गेले. ते रडले की नाही ते मी पाहिले नाही, म्हणून लिहीत नाही.

कलम ७. दुसरा साक्षीदार मिळाला नव्हता. काका आत येऊन म्हणाले, "मी करतो सही." मी सांगितले की साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलांनी बजावले आहे, तुमची वही आणि कॅसेटी जातील. म्हणाले, "जाऊ दे. उद्या ठाण्याला किती वाजता पोचायचंय?" म्हणून कलम ३ आणि ४ मधील देणगी रद्द. कॅसेटी आणि वही आईकडे राहतील, काकांनी वही मागितली की तिने ती वाचायला द्यावी. माझे चार गुण वहीत तसेच ठेवावेत. आजोबांनी ते वाचले आहेत.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा वाचला, सगळा, आवाज असेपर्यंत, आणि मगच सही केली.

डोंबिवली, रविवार, १४ सप्टेंबर २०२५
(सही) मृणाल महेंद्र रोकडे

साक्षीदार:
१. (सही) प्रशांत वसंत ठोसर, शेजारी
२. (सही) कुंडलिक भगवान रोकडे, काका. सहीशेजारी त्यांच्या हाताने: "सातवी – ७. आठवी – ७. आधीचे गुण माझे चुकले. बाबांना कळवायचे राहिले."